आदोळीची सवय असलेल्या आईसाठी सुरी आणि भांडी सुचवा

नमस्कार मंडळी,

आम्ही फोंड्याजवळच्या एका गावात राहतो. आईचं वय ६८. मार्चमध्ये तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. आता ती घरात काठीशिवाय फिरते, पण डॉक्टरांनी जमिनीवर बसणं कायमचं बंद केलंय. म्हणजे आदोळी बंद. (गोव्याबाहेरच्या मंडळींसाठी: आदोळी म्हणजे विळी, टोकाला नारळ खोवायचे दाते असलेली.)

तेव्हापासून स्वयंपाक मी आणि बायको करतो. आई खुर्चीत बसून सांगते, पण तिला ते बघवत नाही. गेल्या आठवड्यात तीच म्हणाली, "मला उभ्यानं करता येईल असं काय तरी बघ रे." म्हणून हा धागा.

आधी सोपा उपाय केला, आदोळी ओट्यावर ठेवली. ओटा ८६ सेंटिमीटर उंच, त्यावर पातं म्हणजे धार थेट छातीसमोर आली. आदोळीवर कापताना अंगाचा भार वरून पडावा लागतो आणि पाट पायाखाली दाबलेला असावा लागतो. ओट्यावर दोन्ही नाही. दुधी कापताना पाट सरकला आणि त्याच दिवशी आम्ही ती उचलून ठेवली. ओट्याच्या कडेला स्क्रूने आवळायच्या विळ्या मिळतात, त्याही बघितल्या. पाट सरकणार नाही, पण उंचीचं काय?

मग राहिली सुरी. आणि खरी अडचण इथेच आहे. आईने पन्नास वर्षं स्थिर धारेवर वस्तू फिरवून कापली आहे. पातं जागेवर, दोन्ही हात मोकळे. बांगड्याचं पोट फाडायचं, कल्ले काढायचे, सुंगटांचा (कोळंबीचा) दोरा ओढायचा, सगळं दोन हातांनी. सुरीला नेमकं उलटं: वस्तू जागेवर आणि धार फिरणार. आईचं म्हणणं, "सुरी हातात धरली की मासा धरायला हात उरत नाही." मला हे अगदी पटतं. त्यामुळे "चांगली सुरी कुठली" एवढंच विचारून माझं भागणार नाही. आदोळीची सवय असलेल्या हाताला कुठली सुरी लवकर आपलीशी वाटेल, हे हवंय.

आजवर जे वाचलं, दुकानात हातात घेऊन बघितलं, ते असं.

जपानी सुऱ्यांचं फार कौतुक ऐकलं. त्यांचं पोलाद कठीणपणाच्या रॉकवेल मापावर ६० च्या पुढे, धार बारीक आणि टिकाऊ. पण कठीण पोलाद ठिसूळही असतं. इसवणाच्या (सुरमईच्या) मणक्यावर किंवा फणसाच्या आठळीवर ती धार तुटेल अशी भीती वाटते. जर्मन सुऱ्या साधारण ५६ ते ५८, थोड्या मऊ. त्यांची धार हाडावर तुटण्यापेक्षा वळते, आणि वळलेली धार पोलादी कांडीवर चार वेळा ओढली की सरळ होते. आमच्या घरात मासा रोज, म्हणून माझा कल इकडे आहे. पण घडवलेली ८ इंची जर्मन सुरी अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरते आणि आईचं मनगट बारीक. व्हिक्टोरिनॉक्सची प्लास्टिक मुठीची ८ इंची बरीच हलकी आहे, पोलाद ५५-५६, आणि मूठ ओल्या हातातून निसटत नाही. मासे करताना हात कायम ओले असतात, त्यामुळे मला मूठ पात्याइतकीच महत्त्वाची वाटते.

कार्बन स्टीलचा विचार सोडून दिला. पावसात इथे डब्यातलं मीठ पाणी होतं, तिथे ते पातं रोज पुसून तेल लावून कोण ठेवणार. शिवाय सोलं (आमसुलं), चिंच, कैरी यांनी ते काळं पडतं. आदोळीचं पातं लोखंडीच होतं हे खरं, पण ते आई स्वतः सांभाळायची.

दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन सहा सुऱ्यांचा संच घेतला होता. दोन महिन्यांत धार गेली आणि पहिल्याच पावसात मुठीच्या खिळ्यांभोवती गंज चढला. म्हणून आता संच नको. एक मोठी, एक लहान आणि माशांचे पर कापायला कात्री, बस्स.

आता भांडी. हुमण (माशाची आमटी) मातीच्या कुंडल्यात, म्हणजे मडक्यात होतं, तवा बिडाचा, खतखत्याला (मिश्र भाज्यांच्या आमटीला) पितळेचा मोठा टोप. टोपाची कल्हई उडाली आहे आणि कल्हईवाला गावात येऊन जमाना झाला, त्यामुळे आंबट काही केलं की कळकतं. बिडाच्या तव्यावर पोळे अजून सुरेख सुटतात, पण तो आईला एका हाताने उचलवत नाही. कुंडल्याचं बूड गोल. चुलीवर ते बसायचं, गॅसच्या जाळीवर डुगडुगतं, आणि उकळत्या हुमणासकट ते उतरवताना मला धडकी भरते. नॉनस्टिक एकदा झालं, थर निघाला, आता आई हात लावत नाही.

मला हवंय चार लिटरचं, दोन कानांचं, फार जड नसलेलं भांडं. पातळ स्टीलच्या टोपात नारळाचं वाटण तळाला लागतं, कारण स्टील उष्णता नीट पसरवत नाही. ॲल्युमिनियम त्याच्या सुमारे पंधरापट चांगलं पसरवतं, पण त्यात सोलांचा आंबटपणा नको, रात्रभर तर मुळीच नको, कारण आमच्याकडे कालची कढी दुसऱ्या दिवशी आटवून खातात. ट्रायप्लायमध्ये ॲल्युमिनियम दोन स्टीलच्या थरांच्या मधे असतं, म्हणजे दोन्ही अडचणी सुटायला हव्यात. गॅसही आहे आणि इंडक्शनही. ज्यांनी अशा भांड्यात रोज नारळाच्या रसाचं केलंय त्यांनी सांगा, खरंच लागत नाही का? आणि अडीच मिलिमीटर आणि तीन मिलिमीटर जाडीत हाताला जाणवेल इतका फरक आहे का?

सगळं मिळून बजेट १२ हजार. पणजी, मडगाव, म्हापसा, कुठेही जायची तयारी आहे. आईला हातात घेऊन बघता येईल असं दुकान माहीत असेल तर फारच बरं.

भर, रविवार:

इतक्या प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. काही उत्तरं.

फूड प्रोसेसर सुचवणाऱ्यांना: कांद्याला चालेल. पण आईला स्वतः चिरायचंय, मी मदत मागतोय ती त्यासाठीच.

नारळाचा प्रश्न सुटला. रबरी बुडाने ओट्याला चिकटणारी, दांडा फिरवायची खवणी आणली. चव थोडा जाड पडतो, पण आईला पटली.

ओट्याऐवजी जेवणाच्या टेबलाशी बसून कापायला सांगा, हा सल्ला सगळ्यांत मोलाचा ठरला. टेबल ७५ सेंटिमीटर आहे. खाली ओलं फडकं, त्यावर लाकडी पाट ठेवला, अजिबात हलत नाही. बायकोच्या साध्या सुरीने आईने काल भेंडी कापली. एकाने लिहिल्याप्रमाणे तिला मूठ मागून न धरता अंगठा आणि तर्जनी पात्यावर ठेवायला सांगितलं. सुरुवातीला घाबरली, मग म्हणाली, असं धरलं की पातं हाताचंच वाटतं.

आता बेत असा केलाय. श्रावणात आमच्याकडे मासे नसतात, ते थेट चवथ (गणेश चतुर्थी) होईपर्यंत. तेवढ्या दिवसांत भाजीवर हात बसेल. चवथीच्या खतखत्याला सुरण, नीरफणस, कणगा, रताळी, कच्ची केळी असं कठीण बरंच चिरायचं असतं, तेव्हा मोठ्या सुरीची परीक्षा होईल. व्हिक्टोरिनॉक्सची ८ इंची आणि दातेरी धारेची ११ सेंटिमीटरची लहान सुरी मागवली आहे. टोप अजून ठरलेला नाही, जाडीबद्दल कृपया लिहा.

आणि माशाचं अजून कुणी सांगितलेलं नाही. बाजारात कापून मिळतो हे माहीत आहे, पण तारले आणि बांगडे आई घरीच साफ करणार. खुर्चीवर बसून, सुरीने, ओला निसटता मासा डाव्या हातात कसा धरायचा? शेपटीकडून मिठाने धरायचा, की फडक्याने, की आधी कात्रीने पोट उघडून मग सुरी घ्यायची? आदोळी सोडून सुरीवर आलेल्या कुणाच्या आईने, मावशीने काय केलं ते विचारून लिहिलंत तर मी तसंच वाचून दाखवीन तिला.