बाहेरची कासवं-बेडूक: आयातच बंद करावी का?

पाणवठा
पाळायला आणि खायला म्हणून जिवंत कासवं आणि बेडूक एका खंडातून दुसऱ्या खंडात सर्रास जातात. माझं मत सरळ आहे. जी जात त्या प्रदेशातली नाही तिची जिवंत आयात बंद हवी. कोणाला अपवाद हवा असेल तर त्या जातीपासून धोका नाही हे आणणाऱ्याने सिद्ध करावं. आज सगळं उलटं चालतं: आधी प्राणी येतो, मग तळ्यात दिसायला लागतो, मग अभ्यास होतो आणि शेवटी बंदी. तोवर तिथे त्याची पिल्लावळ झालेली असते.

रेड इअर्ड स्लायडर या कासवाचंच घ्या. मूळचं मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. विकताना नाण्याएवढं, हिरवंगार, डोळ्यामागे लाल पट्टा. बघताक्षणी घ्यावंसं वाटतं. तेच पुढे पाव मीटरपेक्षा मोठं होतं आणि पंचवीस-तीस वर्षं सहज जगतं. टाकी पुरत नाही, पाण्याला वास मारतो, हौस फिटते. मग एका संध्याकाळी 'निसर्गात मुक्त' करून माणूस पुण्य पदरात पाडून घेतो. तळ्यातल्या स्थानिक कासवाला उन्हात बसायला एखादाच ओंडका असतो, तोही हे धष्टपुष्ट पाहुणे बळकावतात. ऊन मिळालं नाही तर कासवाचं अंग तापत नाही, अन्न नीट पचत नाही.

कूर्मगती
असहमत. मी कासवं पाळतो, त्यामुळे पक्षपाती म्हणा हवं तर. पण बंदीचा इतिहासही बघा ना. युरोपीय संघाने १९९७ मध्ये याच लाल कानाच्या कासवाची आयात थांबवली. व्यापाऱ्यांनी काय केलं? त्याच जातीतली पिवळ्या पोटाची उपजात आणून विकली. शेवटी २०१६ मध्ये सगळी जातच यादीत टाकावी लागली. मधल्या काळात तळ्यांना काय मिळालं?

पाणवठा
अहो, हा तर माझ्याच बाजूचा मुद्दा झाला! एकेका नावावर बंदी घातली की व्यापारी दुसरं नाव शोधतो. म्हणून तर 'काय आणू नये' याची यादी नको, 'काय आणता येईल' याची हवी. त्यात नाव नाही, तर प्रवेश नाही.

शेवाळ
+१. आणि तुम्ही दोघं कासवांतच अडकलात, खरा घोर बेडकांचा आहे. सोडलेलं कासव निदान डोळ्यांना दिसतं. बेडकासोबत कायट्रिड बुरशी येते, ती दिसत नाही.

बेडूक कातडीतून पाणी घेतो, काही प्रमाणात श्वासही. ही बुरशी नेमकी त्या कातडीत वाढते. क्षारांची ने-आण बिघडते, रक्तातलं सोडियम-पोटॅशियम उतरतं आणि हृदय बंद पडतं. २०१९ च्या एका जागतिक आढाव्यात या रोगाने घटलेल्या ५०१ उभयचर जाती मोजल्या. त्यातल्या ९० नामशेष झाल्याचं मानलं जातं. बुरशीचं मूळ पूर्व आशियात असावं असं २०१८ चं जनुकीय संशोधन सांगतं, म्हणजे बाकी जगात ती पोचली त्यात प्राण्यांच्या व्यापाराचा मोठा हात. अमेरिकन बुलफ्रॉग तर ही बुरशी अंगावर बाळगूनही बहुधा ठणठणीत राहतो. त्याला पळून जायचीही गरज नाही. त्याच्या टाकीतलं पाणी गटारात ओतलंत तरी पुरे.

खडूस बेडूक
म्हणून सगळंच बंद? दारू बंद केली की दारू थांबते, तशी कासवंही थांबतील म्हणा! रीतसर माल येतो तेव्हा कागद असतात, विलगीकरण करता येतं, बेडकाच्या कातडीवर बोळा फिरवून बुरशीची तपासणी करता येते. तस्करीच्या पिशवीत यातलं काहीच नसतं. तपासणी सक्तीची करा, पिंजऱ्यात जन्मलेलेच प्राणी येऊ द्या.

शेवाळ
तपासणी ज्ञात रोगाचीच होते. सॅलॅमँडर (सरड्यासारखे दिसणारे उभयचर) मारणारी दुसरी कायट्रिड बुरशी २०१३ मध्ये ओळखली गेली, तोवर नेदरलँड्समधले फायर सॅलॅमँडर जवळपास संपले होते. २०१२ मध्ये कोणी बोळा फिरवला असता तर काय शोधलं असतं? त्यातून अमेरिकेने धडा घेतला आणि २०१६ मध्ये, तिथे ती बुरशी सापडायच्या आधीच, सॅलॅमँडरच्या २० प्रजातींची, म्हणजे जवळच्या जातींच्या २० गटांची (genera), आयात रोखली.

डबकेकर
जरा वेगळा सूर. ऑस्ट्रेलियात १९३५ मध्ये केन टोड (मोठे विषारी बेडूक) आणले ते हौशी लोकांनी नव्हे, उसावरचे भुंगेरे खायला म्हणून संशोधकांनी. भुंगेरे उसाच्या वर, टोड खाली; भुंगेरे तसेच राहिले आणि टोड मात्र पसरत गेले. तेव्हा 'तज्ज्ञांची यादी' म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

दुसरं, आयातबंदी देशाच्या सीमेवर लागते, प्राण्यांना ती सीमा माहीत नाही. भारताच्या मुख्य भूमीवरचा मोठा बेडूक, आपला नेहमीचा पावसाळी पिवळा, अंदमानात परका आहे. त्याची पिल्लं तिथल्या बेडकांची पिल्लं खातात. तो कुठल्याही कस्टममधून गेलेला नाही! नियम करायचाच तर मूळ अधिवास धरून करा.

पाणवठा
अधिवासाचा मुद्दा पूर्ण मान्य. मूळ प्रस्तावात 'प्रदेश' म्हटलंय ते त्यासाठीच, पण बेटांचा उल्लेख वेगळा हवा होता. केन टोडचं मात्र पटलं नाही. तिथे परवानगी देण्याआधी धोका तपासलाच नव्हता, आणि माझी मागणी तर तीच आहे.

कूर्मगती
आणि आज घरोघरी जी कासवं आहेत त्यांचं काय? त्यावर कोणी बोलत नाही. पाळणं गुन्हा ठरवलंत तर त्याच रात्री हजारो कासवं तळ्यात जातील. जपानने जून २०२३ पासून लाल कानाच्या कासवाची विक्री, आयात आणि बाहेर सोडणं बंद केलं, पण घरी असलेलं पाळायला मुभा ठेवली. हे शहाणपण.

पाणवठा
जपानी पद्धत मलाही चालेल. आयात बंद, विक्री बंद, असलेलं मरेपर्यंत सांभाळा. नको झालं तर जमा करायला केंद्र हवं, आणि त्याचा खर्च इतकी वर्षं कमावलेल्या व्यापाऱ्यांकडून काढा.

खडूस बेडूक
व्यापारी तो खर्च गिऱ्हाइकावरच टाकणार.

पाणवठा
टाकू दे. किंमत वाढली तर घेणारा दोनदा विचार करेल.

कूर्मगती
नवीन घेणाऱ्यावर टाका, माझी हरकत नाही. पण ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांची नोंदणी फुकट ठेवा. शुल्क लावलंत तर एकही माणूस नोंदवायला येणार नाही, हे मी पाळणाऱ्यांत वावरून सांगतो.