म्हाताऱ्या मांजरीला पचायला हलके असे काय द्यावे?

ठमीचे घर, कोथरूड
आमची ठमी चौदा वर्षांची आहे. गेल्या काही महिन्यांपासून कोरडे खाद्य खाल्ल्यावर थोड्याच वेळात ती दाणे जसेच्या तसे ओकून टाकते, शी पातळ होते आणि पाठीचा कणा हाताला लागू लागला आहे. भूक मात्र पूर्वीपेक्षा वाढलेली दिसते. सासूबाईंच्या सांगण्यावरून दूध-पोळी कुस्करून दिली, आसट भातही देऊन पाहिला, परंतु फरक पडला नाही. आमच्या स्वयंपाकघरात सामिष शिजत नाही, हे लक्षात घेऊन कृपया सुचवावे.

औंधकर
भूक वाढूनही वजन घटत असेल, तर ते केवळ अपचन समजून खाद्य बदलत बसू नये. या वयात थायरॉइडची अतिक्रियाशीलता, मधुमेह आणि मूत्रपिंडाचे विकार मांजरांत बरेच आढळतात. म्हणून आधी डॉक्टरांकडून रक्तातील क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचे काम कळते), साखर व टी४ (थायरॉइडचे संप्रेरक), तसेच लघवी आणि दात तपासून घ्यावेत. मूत्रपिंडाचा विकार निघाल्यास फॉस्फरस कमी असलेला आहार लागतो, आणि मग येथील आमचे बरेचसे सल्ले बाजूला ठेवावे लागतील.

मनीमाऊ, नारायण पेठ
औंधकरांशी सहमत. आहाराबद्दल एवढेच म्हणेन की, आजारी माणसाचे पथ्य मांजरीला लावू नये. मऊ भात आपल्याला सोसतो, मांजर मात्र पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. बहुतेक प्रौढ मांजरांना दुधातील लॅक्टोज पचत नाही, त्यामुळे ठमीची पातळ शी दुधाने वाढलीही असेल. शिवाय उतारवयात अनेक मांजरांची चरबी पचवण्याची, आणि पुढे प्रथिने पचवण्याचीही, शक्ती कमी होते. अशा वेळी मांस तोडून भात वाढवला, तर अंगावरचे उरलेसुरले मांसही झडते.

बिनहाडाचे चिकन मीठ, कांदा, लसूण काही न घालता उकडावे, बारीक करावे आणि त्याच पाण्यात कालवून द्यावे, कारण उकडताना टॉरिन, म्हणजे मांजरीला आहारातून मिळावेच लागणारे एक अमिनो आम्ल, पाण्यात उतरते. टॉरिन दीर्घकाळ कमी पडल्यास मांजरीचे हृदय आणि दृष्टी दोन्ही बिघडतात. मात्र नुसत्या चिकनमध्ये कॅल्शियम फारच कमी असते, म्हणून हा आहार चार-आठ दिवसांपुरताच. आमच्या शेजारच्या शाकाहारी घरात मांजरीसाठी गॅलरीत वेगळी शेगडी आणि वेगळे पातेले ठेवले आहे, आणि आजीबाईंनीही आता त्यावर बोलणे सोडले आहे! तेही जमत नसल्यास ओल्या खाद्याचे पाऊच घ्यावेत. पाकिटावर ते प्रौढ मांजरीसाठी संपूर्ण आहार आहे असे लिहिलेले असावे, कारण काही पाऊच केवळ पूरक असतात.

बोकोबा, पाषाण
नवे खाद्य आठ-दहा दिवसांत, जुन्यात थोडे थोडे मिसळत आणावे. दिवसातून चार-पाच वेळा, पसरट ताटलीत, कोमट करून द्यावे. कोमट खाद्याचा वास सुटतो आणि म्हातारी मांजरे वासावरच जेवतात. रुसली म्हणून उपाशी ठेवू नये: दोनेक दिवस पोटात काही न गेल्यास मांजरीच्या यकृतात चरबी साचू लागते, आणि ते जिवावर बेतू शकते. सुकट-बोंबील आवडत असले तरी त्यांतील मिठामुळे टाळावेत.

ठमीचे घर, कोथरूड
सर्वांचे आभार. रक्त तपासणीसाठी उद्या सकाळची वेळ घेतली आहे. तोपर्यंत पाऊचमध्ये दुकानातील पाकिटबंद चिकन सूप मिसळले तर चालेल का?

मनीमाऊ, नारायण पेठ
मुळीच नको. त्या सुपात बहुधा कांदा-लसणाची पूड आणि भरपूर मीठ असते. कांदा-लसणाने मांजरीच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. साधे कोमट पाणी मिसळावे, आणि सकाळी रक्त देण्यापूर्वी तिला उपाशी ठेवायचे की नाही, हे दवाखान्यात आजच विचारून घ्यावे.