पीटीच्या तासाला सूट घ्यावी का? गोव्यातल्या पालकांचं मत हवंय

म्हापशाची_आई
मुलगा ऑटिस्टिक आहे, एप्रिलमध्ये सहावीत गेला. गणित, संगणक ठीक चाललंय. घोडं पेंड खातं ते पीटीच्या तासाला. ज्या दिवशी पीटी, त्या दिवशी सकाळी पोटात दुखतं. नाटक नाही, डॉक्टरांनी तपासलंय. भीतीनेही खरंच दुखतं म्हणाले. कानाशी वाजणारी शिट्टी, पावसाळ्यात सगळे वर्ग हॉलमध्ये कोंबले की घुमणारा गोंगाट, पकडापकडीत मागून बसणारी थाप, आणि टीम पाडताना 'हा तुमच्याकडे, नको तुमच्याकडे'. शाळा म्हणते, डॉक्टरांचं पत्र आणा, तो तास लायब्ररीत बसू दे. नवऱ्याला हायसं वाटलं. मला पटत नाहीये, पण रोज सकाळचं रडणंही बघवत नाही. तुम्ही काय केलं असतं?

फोंड्याचे_आबा
पत्र बित्र काही आणू नका. आमच्या वेळी कोणाला काय आवडतं हे कोण विचारत होतं? चार दिवस रडेल, पाचव्या दिवशी फुटबॉलच्या मागे धावेल. गोव्यातलं पोर आणि मैदानाला घाबरतं, हे ऐकायलाच कसंतरी वाटतं.

शांत_कोपरा
आबा, मी ऑटिस्टिक आहे, वय पस्तिशीच्या पुढे. पाचवा दिवस माझ्या बाबतीत दहावी संपेपर्यंत आला नाही. शिट्टी वाजली की इतरांना 'सुरू करा' कळतं, मला कानात सुई जायची. पुढची मिनिटं सूचना ऐकूच यायच्या नाहीत. मग सर ओरडायचे, की मुद्दाम करते. त्या तासात मी एकच गोष्ट शिकले, की माझं शरीर हे लोकांच्या हसण्याचं साधन आहे. ताई, सूट घ्या. आधी त्याची सकाळ वाचवा, खेळाचं पुढे बघता येईल. मी आज कांपालच्या तलावात पोहते, ते शाळेमुळे नव्हे, शाळा सुटल्यामुळे.

मैदानातले_सर
मी सासष्टीत बरीच वर्षं पीई शिकवलं, आता निवृत्त. शांत_कोपरा यांनी जे सोसलं ते आम्हा शिक्षकांचं अपयश आहे, ते मान्य. तरी सूट घेऊ नका असंच सांगेन. लायब्ररीची सवय लागते, आणि मुलाला नाही, शाळेला लागते. आज पीटीला नको, उद्या सहलीला नको, मग गॅदरिंगला नको. प्रत्येक वेळी 'त्याच्याच भल्यासाठी'.

ताई, तास बदलून मागा. यातलं बहुतेक फुकटात होतं. शिट्टीऐवजी झेंडा वर करायचा. आज काय होणार ते तास सुरू व्हायच्या आधी फळ्यावर क्रमाने लिहायचं, शेवटी काय तेही. टीम मुलांनी नाही पाडायची, शिक्षकाने यादी आधीच करून आणायची. पकडापकडी, खो-खो सध्या बाजूला, कारण तिथे अंगाला अचानक हात लागतो. लांब उडी, गोळाफेक, धावणं आधी घ्या. त्यात स्वतःच्या कालच्या आकड्याशी स्पर्धा असते, आणि अशा मुलांना मोजमाप आवडतं, निदान माझ्याकडच्यांना आवडायचं. दमला की कुठे जाऊन बसायचं ती जागा ठरलेली हवी, परवानगी न मागता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांप्रमाणे 5 ते 17 वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटं चांगली दमवणारी हालचाल लागते, आणि त्यात दिव्यांग मुलंही धरली आहेत. लायब्ररीत ती होत नाही.

शांत_कोपरा
सर, पीटीच्या तासात तरी कुठे होते? अर्धा वेळ रांगेत, पाव वेळ हजेरी. 60 मिनिटांचं कारण दाखवून पोराला हॉलमध्ये ढकलू नका. मिरामारला सकाळी गर्दी नसताना बाबांबरोबर चालला तर जास्त होईल. आणि तुमच्यासारखे सर किती शाळांत आहेत? एका शिक्षकासमोर अख्खा वर्ग असतो. झेंडा पहिल्या आठवड्यात फडकेल, मग पुन्हा शिट्टी.

साखळीकर
कायद्याचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये ऑटिझम येतो. कलम 16 म्हणतं की शिक्षणाबरोबर खेळ आणि करमणुकीची संधीही इतरांच्या बरोबरीने द्या, आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करा. म्हणजे बदल मागणं ही मेहेरबानी नाही. पणजीत 2023 पासून पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा महोत्सव भरतो, सगळे रॅम्पपाशी फोटो काढतात. रॅम्प दिसतो हो, शिट्टी दिसत नाही.

पेडण्याचा_मामा
स्पेशल ऑलिंपिक्समध्ये घाला की! वेगळं मैदान, वेगळे कोच.

साखळीकर
मामा, ते बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी असतं. नुसत्या ऑटिझमवर प्रवेश मिळत नाही. मुलाचं गणित चांगलं चाललंय असं ताई म्हणतात.

फोंड्याचे_आबा
बरं, कानात सुई म्हणता ते मला माहीत नव्हतं. तरी एक विचारतो. याला झेंडा, याला वेगळी जागा, मग बाकीची चाळीस पोरं विचारणार, आम्हाला का नाही?

मैदानातले_सर
आबा, झेंडा सगळ्यांनाच. फळ्यावरचं वेळापत्रकही सगळ्यांना. वर्गात अशी दोन-तीन पोरं तरी असतात जी टीम पाडताना जमिनीकडे बघतात. त्यांना ऑटिझम नसतो, पण फायदा त्यांनाही होतो.

म्हापशाची_आई
देव बरें करूं सगळ्यांना. काल रात्री त्यालाच विचारलं, हे आधी सुचलं नव्हतं मला. म्हणाला, 'लांब उडी चालेल, पण मागे रांग नको. आणि हॉल नको. नकोच.' तेव्हा डॉक्टरांकडून पत्र घेतेय, पण त्यात पीटीतून सूट असं लिहायचं नाही. पावसाळ्यात हॉलमध्ये तास असेल तेव्हा लायब्ररी, मैदानावर असेल तेव्हा हजर, हेडफोन लावून, आणि टीम शिक्षकांनी पाडायची. हेडमास्तर बाईंना सोमवारी भेटते. सर, रांगेचं काही करता येईल?

मैदानातले_सर
येईल. रांग खड्ड्याच्या बाजूला लावायची, धावपट्टीच्या मागे नाही. उडी मारून झाली की त्यालाच टेप धरायला द्या. पण हॉलचं मला मान्य नाही. जून ते सप्टेंबर बाहेर काढलं की वर्ष संपलंच. हॉलच्या दाराशी, पंधरा मिनिटं, एवढं तरी मागा.

शांत_कोपरा
त्याने 'नकोच' म्हटलंय, सर. दोनदा.