मदत हवी आहे: मुलं कॉलेजात टिकतात का, हा डेटा शाळेने कसा वापरावा?

वैतागलेली_आई: गुरुवारी स्कूल डिस्ट्रिक्टची मीटिंग, मी पालक प्रतिनिधी. हातात एक एक्सेल दिलीय. ‘इतके टक्के मुलं कॉलेजला गेली’ म्हणून दरवर्षी टाळ्या वाजतात, पुढे किती टिकली ते कोणी विचारत नाही. शाळेकडून नेमकं काय मागू? लवकर सांगा. लिंका नकोत.

निनाद_के: कुठलं राज्य? एक्सेलमध्ये आहे काय?

सोलापुरी_चादर: आठवीपासून चांगला क्लास लावा. भाच्याला फार फायदा झाला.

वैतागलेली_आई: क्लासचं कोणी विचारलंय? इलिनॉय, शिकागोजवळ. क्लिअरिंगहाऊसचे कॉलम आहेत म्हणे.

निनाद_के: हे आधी सांगायचं ना! म्हणजे नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाऊसचा स्टुडंटट्रॅकर, कॉलेजांकडून जमवलेला मुलांचा रेकॉर्ड. कोण कुठल्या कॉलेजात गेलं, दुसऱ्या वर्षी परत आलं का, डिग्री मिळाली का, सगळं येतं त्यात. दुसऱ्या वर्षाचा कॉलम मागा आणि नववीच्या ग्रेड्सशी जोडायला लावा. शिकागो पब्लिक स्कूल्सने नववीच धरली: वर्षाअखेर पाच पूर्ण क्रेडिट (वर्षभराचे पाच विषय पास) आणि मुख्य विषयांत फार तर एका सेमिस्टरचा एक एफ (नापास), तर मूल ‘ऑन ट्रॅक’. अशी मुलं २००७ मध्ये ५७ टक्के होती, २०१३ मध्ये ८२.

गणिती_आजोबा: एफ द्यायचाच नाही, की झाले ८२! दहावीचे अंतर्गत २० गुण कसे वाटतात ते आयुष्यभर पाहिलंय. एसीटी बघा, कॉलेज प्रवेशाची परीक्षा, तिथे खिरापत चालत नाही.

निनाद_के: काका, शिकागो विद्यापीठाच्या कन्सॉर्टियमने, म्हणजे शाळांवर संशोधन करणाऱ्या गटाने, २०२० मध्ये तेच तपासलं. कॉलेज पुरं होणार का, हे जीपीए, म्हणजे शाळेतल्या ग्रेड्सची सरासरी, एसीटीपेक्षा कितीतरी चांगलं सांगतो.

गणिती_आजोबा: सांगत असेल. मला पटत नाही.

मेधा_काउन्सेलर: तुमचं चालू द्या. ताई, ‘रेकॉर्ड सापडलं नाही’ म्हणजे मूल कॉलेजला गेलं नाही असं नव्हे. भारतात एमबीबीएसला गेलेलं मूल त्यात दिसत नाही. फर्पाखाली, म्हणजे विद्यार्थ्यांच्या माहितीच्या गोपनीयतेच्या कायद्याखाली, माहिती अडवलेली असते, नावाचं स्पेलिंग जुळत नाही. मला विचाराल तर खरी गळती जून ते ऑगस्टमध्ये. ‘जाणार’ म्हणालेलं मूल फॅफ्साची (सरकारी आर्थिक मदतीच्या अर्जाची) कागदपत्रं, हाऊसिंग डिपॉझिट, प्लेसमेंट टेस्ट यात कुठेतरी अडकतं, आणि आमच्याकडे तेव्हा काउन्सेलर सुट्टीवर. बारावीच्या शेवटी मुलांनी भरलेली यादी ट्रॅकरशी ताडून बघा, किती गळाली ते कळेल. मग जुलैसाठी एका काउन्सेलरचा पगार मागा.

सोलापुरी_चादर: एमबीबीएसला एनआरआय कोटा अजून आहे का हो? नवा धागा काढू?

वैतागलेली_आई: काढा, आणि तिकडेच राहा. मेधाताई, दुसऱ्या वर्षाचा कॉलम आणि जुलैचा काउन्सेलर, दोन्ही मागते. पण काही रकान्यांत आकड्याऐवजी फुल्या आहेत, त्या कसल्या?

मेधा_काउन्सेलर: गट लहान असला की मुलं ओळखू येऊ नयेत म्हणून आकडा झाकतात. त्या गटांची तीन वर्षं एकत्र करून मागा.