ट्वाइनवर मुलांकडून गोष्टी लिहून घेतल्यात का कोणी?

आठवीची बाई: जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवते. ‘मी पक्षी झालो तर’ दिलं की वर्गातल्या सगळ्या वह्यांतून गाईडमधलाच पक्षी उडतो. वाचणाऱ्याने पर्याय निवडत पुढे जायचं, अशा गोष्टी ट्वाइन नावाच्या सॉफ्टवेअरवर करता येतात म्हणे. चालू संगणक सहा, नेट लहरी. जमेल का?

घाटावरचा मास्तर: जमेल. ट्वाइन फुकट आहे, २००९ पासून आहे. डेस्कटॉप आवृत्ती उतरवून घ्या, मग नेट लागत नाही. (ब्राउझरमधली वापरलीत तर गोष्ट त्याच ब्राउझरमध्ये राहते. कोणी साफसफाई केली की गेली. रोज पेनड्राइव्हवर घ्या.) [[पायवाटेने निघ]] असं दुहेरी चौकटी कंसात लिहिलं की त्या नावाचा नवा तुकडा आपोआप तयार होतो. शेवटी एकच एचटीएमएल फाइल (ब्राउझरमध्ये उघडणारी) हाती येते.

पण सुरुवातीला संगणक लावूच नका. फळ्यावर एक वाक्य लिहा: ‘शेवटची एसटी चुकली.’ पुढचं चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीवर चिकटवू दे. दर ठिकाणी दोन वाटा, असं चार वेळा केलं की १६ शेवट आणि एकूण ३१ चिठ्ठ्या! पोरं तिथेच दमतात. म्हणून वाटा परत एकत्र आणायला लावा. स्टँडवर थांबलेल्याला ट्रॅक्टर मिळाला, दुसरा पायवाटेने आला. दोघेही ओढ्यापाशीच पोचले. फक्त एकाकडे बॅटरी आहे, दुसऱ्याकडे नाही. खरी गोष्ट इथून सुरू होते. आणि मरणाचा शेवट गटाला एकच, नाहीतर सगळे बिबट्याच्या तोंडी.

शुद्धलेखनवाली: ‘तू आत गेलास’ लिहिलं की वाचणारी मुलगी गोष्टीबाहेर. ‘तुम्ही’ वापरावं का?

घाटावरचा मास्तर: ‘तुम्ही’ने गोष्ट ग्रामपंचायतीच्या नोटिशीसारखी वाटते. ‘तू दार उघडलंस’, ‘तुला खोकल्याचा आवाज आला’ हे दोघांनाही चालतं. ‘गेलास’ला पर्याय शोधताना पोरं आपसांत भांडतात, व्याकरणाचा तास आयताच होतो.

आठवीची बाई: सहा गट करते. पण परीक्षेत कथालेखन कागदावरच असतं, त्याचं काय?

घाटावरचा मास्तर: दुसऱ्या गटाची गोष्ट खेळायला द्या. जी वाट निवडली तेवढीच वहीत सलग लिहायची, शीर्षकासकट.