मदत हवी आहे: अंग (गर्भाची पिशवी) बाहेर येतंय, पिशवी न काढता काय करता येईल? (सोलापूर)

माझी नणंद, वय ३४, माढा तालुक्यात ऊसतोड करते. मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढली की अंग बाहेर येतं, आडवी झाली की आत जातं. तीन बाळंतपणं नॉर्मल, पाळी नियमित, जखम नाही. सोनोग्राफी, पॅप तपासणी (पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची) दोन्ही चांगल्या. तरी एका खासगी डॉक्टरांनी थेट पिशवी काढायला सांगितलं. ती काढूनही ओझं उचलत राहिली तर योनीचा भाग पुन्हा खाली उतरू शकतो, मग एवढ्या लहान वयात घाई कशाला? ओटीपोटाचे व्यायाम सुरू केलेत, तोडीत नेमाने होत नाहीत. उचल (आगाऊ पैसे) घेतलीय, पट्टा पडेपर्यंत (कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत) काम सुटणार नाही. तोवर रिंग पेसरी (अंग वर धरून ठेवायला योनीत बसवतात ती कडी) बसवून मोळी उचलता येते का? आणि सोलापूरच्या सिव्हिलमध्ये ती बसवून मिळते का?