एमजीए १५०० मध्ये लिनियाचं टर्बो इंजिन बसवावं का?

फोंडेकर_१९५८

नमस्कार मंडळी. गॅरेजला आगाऊ रक्कम देण्याआधी इथे विचारतोय.

गाडी एमजीए १५००, १९५८ची, उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. आजोबांनी ती गोवा मुक्तीच्या आदल्या वर्षी पणजीत जुनी घेतली होती. अण्णा तिच्यावरच गाडी शिकले. या गाडीच्या दाराला बाहेरून कडी नसते, आत हात घालून दोरी ओढावी लागते. लहानपणी माझा हात त्या दोरीपर्यंत पुरला, त्या दिवशी अण्णांनी मला पहिल्यांदा शेजारी बसवलं. गोव्याची जुनी जीडीए नंबरची पाटी अजून तीच आहे.

आता अडचण. इंजिन १४८९ सीसीचं, ताकद कागदावर ७२ अश्वशक्ती. सपाटीवर बरी चालते, पण मोल्यावरून अनमोड घाटाला लागली की जीव टाकते. गेल्या दिवाळीत दुसऱ्या गिअरवर रडतखडत चढलो, मागे खनिजाच्या ट्रकांची रांग. अण्णा ८२ वर्षांचे आहेत. ते कॉलेजला बेळगावात होते. याच गाडीतून याच घाटाने पुन्हा एकदा बेळगावला जायचं, एवढंच त्यांचं मागणं आहे.

गेल्या पावसात माझ्या फियाट लिनिया टी-जेटवर आंब्याची फांदी पडली. छप्पर गेलं, इंजिन धडधाकट राहिलं. १३६८ सीसी, ११४ पीएस (अश्वशक्ती), टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर २०७ न्यूटन-मीटर. गॅरेजवाला म्हणतो साडेचार लाखांत एमजीएमध्ये बसवून देतो. करू का?

गिअरपेटी_म्हापसा

दादा, मी तीस वर्षं हेच काम करतो, म्हणून सरळ सांगतो. इंजिन बसवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे.

लिनियात ते इंजिन आडवं बसतं आणि गिअरबॉक्समधून थेट पुढच्या चाकांना शाफ्ट जातात. तुमच्या गाडीत इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, आणि ओढ मागच्या चाकांना. म्हणजे तो गिअरबॉक्स बाद. याच घराण्यातलं इंजिन फियाटने २०१६च्या १२४ स्पायडरमध्ये उभं बसवलं होतं, माझ्दाच्या गिअरबॉक्सला जोडून, पण ती गाडी आपल्याकडे विकलीच गेली नाही. तेव्हा इंजिन-गिअरबॉक्स जोडणाऱ्या बेलहाउसिंगची अडॅप्टर प्लेट, फ्लायव्हील, प्रॉपेलर शाफ्ट सगळं लेथवर घडवून घ्यावं लागेल. प्लेट अर्धा मिलिमीटर जरी सरकली, तरी गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग काही महिन्यांत बोलायला लागतं.

मग मागचा ॲक्सल. तो साधारण १०४ न्यूटन-मीटर टॉर्कसाठी केलेला, तुम्ही त्याच्यावर दुप्पट टाकणार. ब्रेक? १५०० मॉडेलला चारही चाकांना ड्रम आहेत, पुढची डिस्क १६०० मध्ये आली. अनमोड चढाल झोकात, पण उतरायचंही आहे. शिवाय टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरची जागा, टाकीतला हाय प्रेशर पंप, चोरी रोखणारा इमोबिलायझर. आणि तुमच्या गाडीला मूळची पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं धन टोक बॉडीला), सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. सगळं वायरिंग उपटावं लागेल. साडेचार लाखांत हे होत नाही. अर्ध्यावर अडकलेल्या अशा दोन गाड्या मी पाहिल्यात, दोन्ही अजून ताडपत्रीखाली आहेत.

सत्तरीचा_वाटसरू

कागदांचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. आरसीवर इंजिन नंबर असतो. घाटात काही झालं तर विमा कंपनी आधी तोच ताडून बघेल, आणि तुमच्या शेजारी अण्णा बसलेले असतील.

दुसरं, २०२१च्या जुलैत केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम काढले. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरबदल न झालेली गाडी त्यात बसते. नोंदणीचे २० हजार, मुदत दहा वर्षं. पण तशी नोंदवलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली अशा कामांपुरतीच. तुम्हाला ती नोंदणी हवी की नको हे नंतर ठरवता येईल. इंजिन बदललंत तर तो मार्गच बंद.

अँबॅसिडरवाली

फोंडेकरदादा, माझे वडील मडगावला अँबॅसिडर टॅक्सी चालवायचे आणि इंजिन घरीच खोलायचे. पाने देत देत मीही शिकले. तुमचं १४८९ आणि जुन्या पेट्रोल अँबॅसिडरचं १४८९ एकाच आईची लेकरं आहेत, दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज इंजिन. बोअर ७३.०२५, स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर, तेच. आमची जड अँबॅसिडर पाच माणसं आणि टपावर फणस घेऊन अनमोड चढायची. तुमची गाडी जेमतेम ९०० किलोची. ती दुसऱ्या गिअरवर रडते म्हणजे कमकुवत नाही, आजारी आहे.

एसयू कार्ब्युरेटरच्या डॅशपॉटमध्ये, म्हणजे वरच्या नळीत, तेल आहे का? ठिणगीचं टायमिंग कधी पाहिलंत? आणि कुणी सिलिंडरमधलं कॉम्प्रेशन, म्हणजे दाब, मोजलंय का? आकडे टाका, मग टर्बोचं बोलू.

फोंडेकर_१९५८

ताई, खरं सांगतो, मोजलंच नव्हतं. काल मेस्ताला (मेकॅनिकला) बोलावून इंजिन गरम असताना, थ्रॉटल पूर्ण उघडून मोजलं. पहिला सिलिंडर १५०, दुसरा १४५, तिसरा ९०, चौथा ८५ पीएसआय. तिसऱ्या-चौथ्यात चमचाभर तेल घालून पुन्हा पाहिलं, काटा तिथेच. डॅशपॉट दोन्ही कोरडे.

अँबॅसिडरवाली

तेल घालूनही काटा हलला नाही म्हणजे पिस्टनच्या रिंगा बऱ्या आहेत. शेजारशेजारचे दोनच सिलिंडर पडलेत, म्हणजे बहुतेक त्यांच्यामधलं हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालची सीलची पत्री, फुटलंय. तुम्ही अडीच सिलिंडरवर घाट चढत होता!

हेड काढताना एक सांभाळा. आधी पाणी काढा. रॉकरचे (हेडवरच्या, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचे) नट आणि हेडचे नट वेगळे समजू नका, सगळे मिळून क्रमाने, थोडे थोडे सैल करा. नुसता रॉकर आधी सोडवला तर हेड वाकतं. उतरल्यावर स्टीलची पट्टी आडवी-तिरकी ठेवून सपाटी बघा, व्हॉल्व्हही तपासा. नवीन गॅस्केट जुन्याशेजारी ठेवून भोकं जुळतात का पाहिल्याशिवाय बसवू नका. आणि पेट्रोलचे रबरी पाइप याच वेळी बदला, ई-२० मध्ये (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये) जुनं रबर टिकत नाही.

गिअरपेटी_म्हापसा

ताईंशी सहमत. बेळगावच्या आधी चारही ड्रम उघडा आणि व्हील सिलिंडरची रबरं नवी घाला. टॉप गिअरला ८० वर इंजिन तीन हजारांच्या आसपास फिरतं, त्याला घाबरू नका, ते त्यासाठीच बनवलंय.

फोंडेकर_१९५८

गॅरेजवाल्याला नको म्हणून कळवलं. रविवारी हेड उतरवतोय. अण्णांना सांगितलं तर ते आत जाऊन आजोबांची पान्यांची पेटी घेऊन आले. विलायती मापाचे पाने, गंजू नयेत म्हणून सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेले. त्यांना खुर्ची गाडीच्या डाव्या बाजूला हवी आहे, कार्ब्युरेटर त्या बाजूला आहेत म्हणून.

लिनियाचं इंजिन सध्या मांगरात (शेडमध्ये) झाकून ठेवलंय. हेड वाकलेलं निघालं तर सरफेस करून देणारं चांगलं वर्कशॉप फोंडा-मडगाव भागात कुणाच्या माहितीत आहे का?